आधी सांगा, गाडीत कोण कोण?

उन्हाळ्यात गाडी ठरवायला येणारा माणूस आधी भाडं विचारतो आणि मग किती वाजता पोचू ते विचारतो. या दोन्हींची उत्तरं मी लगेच देत नाही. उलट त्यालाच विचारतो, गाडीत कोण कोण आहे? त्याला वाटतं, मी सीटा मोजतोय. सीटा मोजाव्या लागतातच, पण मला हवं असतं ते वेगळंच. गुडघे कोणाचे दुखतात, बीपीची गोळी कोण घेतं, तुमसरला जाईपर्यंतच उलटी कोणाला होते, आणि घरात शेवटचा शब्द कोणाचा चालतो. एवढं कळलं की अर्धी सहल ठरली असं मी समजतो. नकाशा नंतर पाहायचा.

नाकाडोंगरीत गाडी भाड्यानं चालवून पोट भरायचं तर वर्षभर काय काय वाहावं लागतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. दवाखान्यात नागपूरला नेणं, कोर्टाच्या तारखेला भंडाऱ्याला नेणं, मुलगी पाहायला बालाघाटकडे नेणं. जवळच मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत, डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आणि चिखल्याची जमिनीखालची. तिथले कामगार सुट्टी जोडून घेतात आणि घरच्यांना फिरवून आणायचं म्हणतात. खाणीचा पगार महिन्याला वेळेवर येतो, म्हणून या भागात सहलीचं भाडं बहुतेक त्यांच्याच घरचं. शेतकऱ्याच्या घरचं भाडं क्वचित, आणि आलं तरी तारीख पक्की नसते.

तारीख हीच सगळ्यात अवघड गोष्ट. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. गाड्या वरातीत अडकलेल्या असतात आणि घरातली बायामाणसंही. ज्यांनी उन्हाळी धान लावलं त्यांची कापणी-मळणी मे महिन्यात. मेच्या शेवटी नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. मग ७-८ जूनला मृग लागतो आणि शेतकऱ्याचं डोकं पऱ्ह्याकडे, म्हणजे धानाच्या रोपांकडे वळतं. विदर्भातल्या शाळा मात्र उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या नंतर. म्हणजे पोरं मोकळी आणि बाप अडकलेला, असा तो काळ. शेवटचं लग्न उरकल्यानंतर आणि पऱ्हे टाकायच्या आत जे चार-पाच दिवस सापडतात, त्यात सहल बसवायची. त्यातले बरेच नवतप्यातच पडतात. घरबसल्या जीव नकोसा होतो म्हणून लोक डोंगरात निघतात, आणि निघतात ते सगळ्यात तापलेल्या आठवड्यात.

डोंगर म्हणजे आमच्याकडे सातपुडा, आणि सातपुडा म्हणजे पचमढी. अलीकडे लोक चिखलदऱ्याचं नाव घेतात, अमरकंटकचं घेतात. पण घरात म्हातारं माणूस असलं की गोष्ट पचमढीवरच येऊन थांबते, कारण म्हाताऱ्या माणसांसाठी ते थंड हवेचं ठिकाण कधी नव्हतंच. तो मोठा महादेव. महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, नागपंचमीच्या सुमाराला भर पावसात नागद्वारची वाट धरायची. ज्यांना एवढं जमत नाही त्यांच्यासाठी आपल्याच तालुक्यात गायमुख आहे, छोटा महादेव. त्यामुळे मी एका घरी पचमढीचा बेत बोलायला बसलो तेव्हा कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "एवढ्या तपनीत मादेवाले कोन जाते गा?" प्रश्न अगदी बरोबर होता. देवाला जायचे महिने ठरलेले. मे महिना त्यात नाही.

हे घर खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकाजींचं. काकाजी, आजी, मुलगा-सून, त्यांची दोन पोरं, आणि नागपूरहून आलेले जावईबापू व लेक. माणसं आठ, नववा मी. जावईबापूंनी मोबाइलवर सगळं आखूनच आणलं होतं. सकाळी आठला निघायचं, तीनला पोचायचं, संध्याकाळी धूपगडावर सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी नऊ पॉइंट. तिसऱ्या दिवशी परत येताना पेंचची सफारी. "भाऊ, मॅपवर तर साडेसहाच तास दाखवतंय," ते म्हणाले.

मॅप खोटं सांगत नाही. त्याला फक्त माहीत नसतं की गाडीत आजी आहेत.

नाकाडोंगरीहून कटंगी, तिथून सिवनी, चौरईवरून छिंदवाडा, मग परासिया, तामिया, मटकुली आणि पचमढी. साधारण तीनशे किलोमीटर. हा रस्ता जिन्यासारखा चढतो. आमचा मुलूख समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. सिवनी सहाशेच्या वर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास, आणि पचमढी १,०६७ मीटर. छिंदवाड्यापर्यंत चढ अंगाला कळतही नाही. गाडीला कळतो. खरे घाट तामियाच्या अलीकडे-पलीकडे आणि शेवटचा मटकुलीनंतर देनवा नदी ओलांडली की. आठला निघालो असतो तर भर दुपारी एक-दोन वाजता, तापलेल्या इंजिनानं, एसी लावून, नऊ माणसं आणि कॅरिअरवरच्या बॅगा घेऊन तामियाचा घाट चढलो असतो. काटा लालकडे सरकला की एसी बंद करावा लागतो, आणि एसी बंद केला की पोरं रडतात, मोठी माणसं एकमेकांवर चिडतात. उन्हाळ्यातल्या सहली बिघडतात त्या याच वेळेला. मी पाहिलेली बहुतेक भांडणं दुपारी बारा ते चारमधली आहेत.

म्हणून मी सांगितलं, पहाटे चारला निघू. सिवनीला उजाडल्यावर चहा, छिंदवाड्याला नाश्ता, साडेदहा-अकराच्या आत तामिया. तिथे दुपार काढायची, साडेतीन-चारला उठायचं आणि शेवटचा घाट उन्हं कलल्यावर. सूर्यास्त पहिल्या दिवशी नाही. जावईबापूंचा चेहरा पडला. एक अख्खी दुपार झोपण्यात घालवायची? काकाजींनी एवढंच विचारलं, "तामियाले पंखा असंल ना?" त्या प्रश्नावर बेत पक्का झाला. घरातला शेवटचा शब्द त्यांचा होता, हे मला तिथे कळलं.

मग हवेचं सांगावं लागतं. पचमढी थंड आहे असं सगळे म्हणतात. मी गिऱ्हाइकाला सांगतो, पचमढी कमी गरम आहे. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे आमच्यापेक्षा तिथे हिशेबानं पाच अंश कमी, झाडीमुळे आणखी थोडं. इकडे पारा पंचेचाळीसला असेल तर तिथेही दुपारी दुपट्टा बांधावाच लागतो. खरी मजा रात्रीची आणि पहाटेची. हे आधी सांगितलं नाही तर माणसं स्वेटर भरतात आणि पाण्याच्या कॅन घरी ठेवतात. धबधब्यांचंही तसंच. बी फॉलला उन्हाळ्यात बारीक का होईना धार असते. पण फोटोत पाहिलेलं पाणी पावसाळ्यातलं. पोरांना हे घरीच सांगून टाकलेलं बरं.

आता कागदपत्रं. पिवळ्या पाटीची गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर परमिट, कर, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं जागेवर लागतं. गावात कोणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते आणि लोक घेऊन जातात. भाडं घेऊन खाजगी गाडी चालवणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा आपला धंदा वाचवतोय. वाचवतोच आहे. पण गोष्ट खरी आहे.

परमिटची फाइल पाहून काकाजी म्हणाले, त्यांच्या वडिलांना पचमढीला जायला राज्य ओलांडावं लागत नव्हतं. बरोबर आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि पचमढी एकाच राज्यात होती. त्याआधी इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि उन्हाळी राजधानी पचमढी. साहेब लोक ऊन वाढलं की कागदपत्रांसह वर जायचे. कॅप्टन जेम्स फोरसिथनं हे पठार इंग्रजांच्या नजरेत आणलं असं सांगतात. त्यानं बांधलेलं बायसन लॉज अजून उभं आहे. महादेवाला जाणाऱ्यांना मात्र ती वाट त्याच्या आधीपासून ठाऊक होती. आज कटंगीचा माणूस आणि नाकाडोंगरीचा माणूस सोयरिकीत असतात, एकाच बाजारात भेटतात, पण त्यांच्या मधून राज्याची जी रेष गेली तिच्यासाठी मला वेगळा कागद काढावा लागतो. तक्रार नाही. पण नवख्या माणसाला हे माहीत नसतं आणि तो निघायच्या आदल्या दिवशी गाडी मागायला येतो.

गाडीचं काम चार दिवस आधी सुरू होतं. टायर, स्टेपनी, जॅक, पाना, पट्टे, कूलंट. आणि ब्रेक ऑइल, ज्याची आठवण कोणालाच नसते. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. घाटात ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते, नळीत बुडबुडे धरतात आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. म्हणून ते जुनं होऊ द्यायचं नाही. आणि ब्रेकवर गाडी उतरवायचीच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मला शिकवणाऱ्या उस्तादाचं पहिलं वाक्य. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजून भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या मागे अंतर ठेवून चालतो. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची, कायदाही तेच सांगतो. तामियाच्या वळणांवर अर्ध्या लोकांना हा नियम ऐकूनही माहीत नसतो, विशेषतः नवी मोठी गाडी घेतलेल्यांना.

कॅरिअरवर किती सामान चढवायचं यावरून दर वेळी झटापट होते. छतावरचं वजन वळणावर गाडीला बाहेर ओढतं. जड ते खाली, डिक्कीत. वर फक्त अंथरूण-पांघरूण. सुनबाईंनी स्टोव्ह, कुकर आणि तांदळाची थैली काढली होती. तांदूळ कशाला, तिकडेही मिळतो, असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडचा भात आमच्या बाबाले जात नाही." धानाच्या मुलखातल्या माणसाशी या मुद्द्यावर बोलण्यात अर्थ नसतो. थैली सीटखाली गेली.

पहाटे चारला निघालो. खरं सांगायचं तर पावणेपाच झाले होते, कारण दिवा लावल्याशिवाय आजी उठेनात. मी चार सांगतो ते याच हिशेबानं. कटंगी ओलांडून पुढे उजाडता उजाडता जंगलाच्या कडेला तेंदूपत्ता तोडणारी माणसं रस्त्यावर दिसू लागली. बाया, पोरं, डोक्यावर गाठोडी, सायकलवर बांधलेले भारे. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, पुडे बांधायचे, खरेदीच्या फळीवर न्यायचे. आमच्याकडेही याच दिवसांत हेच काम चालतं. या वेळेला जंगलातल्या रस्त्यावर गाडी चाळिसाच्या वर नेऊ नये. हॉर्नही उगाच वाजवू नये, डोक्यावर भारा असलेलं माणूस दचकून वळतं आणि भारा त्याला ओढतो. मागून जावईबापूंनी विचारलं, रस्ता मोकळा आहे तर हळू का? आजींनीच उत्तर दिलं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही त्यांनी पानं तोडली होती. छिंदवाडा येईपर्यंत त्या पानांबद्दल बोलत होत्या, आणि नातवंडं ऐकत होती. माझ्या यादीत हा पॉइंट नव्हता.

उलटीचं राहिलंच. घाटात उलटी होते ती पोट बिघडल्यामुळे नाही. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, आणि मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. दोघांचं जमत नाही आणि पोट ढवळतं. म्हणून ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवायचं, लांब रस्त्याकडे पाहायला लावायचं, मोबाइल बंद. रिकाम्या पोटीही नको आणि तेलकट पुऱ्या खाऊनही नको. थोडे मुरमुरे, लिंबू, आल्याचा तुकडा. मोठ्या नातवाला त्रास होतो हे मी आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून परासिया गेल्यावर काकाजींना मागे बसवून त्याला पुढे घेतलं. पुढची सीट मानाची असते. काकाजींनी ती सोडली, पण "मी समोर बसतो म्हनून भाडं देतो" असं ऐकवलंच.

तामियाला दुपार काढली. पंखा होता. सरकारी विश्रामगृहाच्या बाजूनं दरी दिसते, तिकडे उन्हं कमी झाल्यावर सगळे उभे राहिले. याच तालुक्यात पाताळकोट आहे. खोल दरीत भारिया लोकांची गावं, सगळी मिळून बारा म्हणतात. वरून पाहिलं तर घरं आगपेटीएवढी. पूर्वी खाली उतरायला पायवाटाच होत्या. बरेच लोक सहलीत पाताळकोट घालायला सांगतात. मी विचारतो, वरून पाहायचंय की खाली जायचंय? वरून पाहणं तासाभराचं काम. खाली उतरणं म्हणजे वेगळा दिवस, आणि आजी गाडीत असतील तर नाहीच. शिवाय खाली माणसं राहतात. त्यांच्या अंगणात कॅमेरे घेऊन शिरायचं असेल तर मी थांबतही नाही. हा माझा नियम, धंद्याचा नाही.

पचमढीत पोचल्यावर माझं काम अर्धं संपतं, हे लोकांना आधी पटत नाही. धूपगड, बी फॉल ही ठिकाणं सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत. तिथे वनखात्याची परवानगी आणि तिथलीच जिप्सी लागते, बाहेरची गाडी जात नाही. हा खर्च बेतात धरलेला नसला की पहिल्याच सकाळी तोंडं उतरतात. पांडव गुंफा, जटाशंकर, महादेव इथपर्यंत मात्र सोपं. नऊ पॉइंटचे जावईबापूंनी स्वतःच चार केले, कारण पोरांना एकाच ठिकाणी पाण्यात बसून राहायचं होतं. १,३५० मीटरवरचा धूपगड, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक, तो दुसऱ्या दिवशी झाला.

आजींना चौरागड चढायचा होता. तरुणपणी त्या चढल्या होत्या, त्रिशूळ घेऊन. मुलगा म्हणत होता, नको. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, महादेवाच्या गुहेपर्यंत गाडी जाते, चालणं थोडंच आहे. चौरागडाच्या पायऱ्या त्याच्या पुढे, आणि उन्हात त्या चढायच्या नाहीत. आजी गुहेत गेल्या. बाहेर आल्या, वर डोंगराकडे हात जोडले आणि म्हणाल्या, "सिवरात्रीले येतो." मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी तारीख लिहून घेतली. ते भाडं पुढे झालं, त्यात पायऱ्या चढल्या त्या सुनबाई.

परत येताना पेंचची सफारी नाही केली. मेच्या शेवटी पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता चांगली असते हे खरं, पण बुकिंग आधीच करावं लागतं आणि ते झालेलं नव्हतं. सिवनीहून ४४ नंबरच्या महामार्गानं उतरलो. कुरई घाटात जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून घेतलाय, ते पोरांना दाखवलं. खवासा, मनसर, रामटेकवरून तुमसर. हा फेरा लांबचा, पण रस्ता रुंद आणि सरळ, परतीच्या दिवशी थकलेल्या ड्रायव्हरला तोच बरा.

आता माझ्या थकव्याचं बोलतो, कारण बेताच्या कागदावर ते कोणीच लिहीत नाही. हॉटेलच्या खोल्या ठरतात, जेवण ठरतं, फोटो कोण काढणार ते ठरतं. ड्रायव्हर गाडीतच झोपेल असं धरलेलं असतं. पहाडात रात्री गाडीत झोप लागते, पण सिवनीत किंवा छिंदवाड्यात, उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली, डासांत लागत नाही. एका मोठ्या हॉटेलात मला सांगितलं गेलं की ड्रायव्हरला संडासही बाहेरचा वापरावा लागेल, आणि बाहेर तो नव्हता. काही घरं अजून म्हणतात की रात्रभर गाडी मारा, एका रात्रीचं भाडं वाचेल, उन्हाचा त्रासही नाही. मी अशी भाडी सोडतो. रात्री जंगलातून जनावरं रस्त्यावर येतात, आणि पहाटे तीन-चारला डोळा लागतो तो सांगून लागत नाही. काकाजींनी मात्र तामियाला माझ्यासाठी वेगळी खाट टाकून घेतली होती. खाणीत पाळ्या केलेला माणूस. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी मशीन देत नाहीत, एवढंच ते म्हणाले.

तेव्हा यंदा बेत आखाल तर पॉइंट दोन कमी करा, पहाटे निघा, दुपारी थांबा. आणि हॉटेलवाल्याला फोन कराल तेव्हा खोलीचा दर विचारण्याआधी ड्रायव्हर कुठे झोपेल ते विचारा. घाटात तुम्ही सगळे झोपलेले असता, जागा तोच असतो.